चाबुकस्वाराकडे घोडा शिकायला जाताना

घोडेस्वारी शिकवणारे क्लब आता बऱ्याच शहरांभोवती निघालेत. तासाचे पैसे भरा, हेल्मेट घाला, तयार घोड्यावर बसा. त्यात वाईट काही नाही. पण काहींना घोड्यावर बसण्यापेक्षा घोडा कळून घ्यायचा असतो, आणि त्यांच्यासाठी जुन्या चाबुकस्वारासारखा दुसरा शिक्षक नाही. कोऱ्या शिंगराला पाठीवर माणूस घ्यायला शिकवायचं, बिघडलेलं जनावर वळणावर आणायचं, हे त्याचं काम. टांगे गेले तशी ही मंडळी कमी झाली, आणि उरली ती बहुतेक म्हातारी. त्यांच्याकडे ना अभ्यासक्रम असतो ना वेळापत्रक. ‘असं का?’ म्हणून विचारलं तर बऱ्याचदा उत्तरही मिळत नाही. म्हणून नवख्याने काय, कोणत्या क्रमाने शिकावं आणि काय मुळीच शिकू नये, हे आधी डोक्यात घेऊन गेलेलं बरं.

वस्ताद शोधणं

घोड्यांच्या बाजारात जा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा आहे, अकलूजचा बाजार आहे. पहिल्या खेपेला खिशात घोड्याचे पैसे नेऊ नका, नुसतं फिरा. एखादं जनावर गर्दीत, ढोल-ताशात शांत उभं दिसलं की मालकाला विचारा, “हे कुणी तयार केलं?” दोन-तीन ठिकाणी एकच नाव ऐकू आलं की त्या माणसाच्या गावचा रस्ता धरा.

तिथे पोचल्यावर माणसाच्या गप्पा ऐकण्याआधी त्याची घोडी बघा. ओठांचे कोपरे सोललेले आहेत का? मागच्या पायांना पिछाडीच्या, म्हणजे ते पाय बांधायच्या, दोराचे जुने व्रण आहेत का? ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, कोरडं आहे की लीद-मुतात चिखल झालाय? वस्ताद जवळ आला की घोडा कान त्याच्याकडे वळवतो की मागे सरून भिंतीला चिकटतो? आणि शेवटची परीक्षा: त्याने तयार केलेल्या घोड्यावर दुसऱ्या कुणाला, शक्यतो पोरसवदा कुणाला, बसवून दाखवायला सांगा. काही घोडी फक्त वस्तादाखालीच नीट चालतात, दुसरा बसला की उधळतात. लोक त्याचं कौतुक करतात, “बघा, मालकाशिवाय कुणाला बसू देत नाही!” माझ्या मते ते अर्धवट काम आहे. घोडा तयार झाला म्हणजे तो कुणालाही देता आला पाहिजे.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी उरकून घ्या. जुनी माणसं आकडा सांगत नाहीत, “तुमच्या मनाला येईल ते द्या” म्हणतात, आणि मग दोन्हीकडे मनात अढी बसते. “वस्ताद, महिन्याला इतके देतो, चालतील का?” असं सरळ विचारा. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या गड्याला, वेगळे द्या. रोजच्या रोज तुमच्या पायापाशी उभा राहणारा माणूस तोच असतो.

अंगावर काय हवं

हेल्मेट. वस्ताद उभ्या आयुष्यात फेट्यावर नाहीतर टोपीवर बसलेला असतो, तो हसेल, हसू द्या. पायात टाच असलेला, गुळगुळीत तळव्याचा बूट हवा, म्हणजे पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही. नुसत्या पडलेल्या माणसाहून वाईट गत रिकिबीत पाय अडकून फरफटत गेलेल्याची होते. चप्पल, सँडल घालून घोड्याच्या वाटेला जायचंच नाही. पायावर खूर पडला की कळतं. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण लिदीत आणि तबेल्याच्या मातीत ते जंतू असतातच.

सुरुवात ठाणावर

पहिल्या दिवशी हातात लगाम मिळत नाही, खरारा मिळतो, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश. यात कमीपणा मानणारे आठवड्याभरात गळतात, आणि वस्तादाला तेच हवं असतं.

जवळ जाण्यापासून सुरुवात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरची अगदी लगतची जागा आणि शेपटीमागची सरळ रेष त्याला दिसत नाही. म्हणून तोंडाने काहीतरी बोलत, खांद्याच्या रोखाने जायचं. हात आधी खांद्यावर किंवा मानेच्या मुळाशी ठेवायचा. एकदम नाकावर नेलेला हात बहुतेक घोड्यांना आवडत नाही. मागून जायचं झालं तर एकतर पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, हात ठेवून अंगाला अंग लावून जा, नाहीतर दहा-बारा फुटांवरून वळसा घाला. चिकटून गेलात तर लाथेला झोक मिळत नाही, लांबून गेलात तर ती पोचत नाही. मधल्या अंतरावरची लाथ मात्र पुऱ्या ताकदीने बसते. दोर हाताला कधी, कधीही गुंडाळायचा नाही. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ मारायची. ती वस्तादाकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या आणि अंधारात मारता येईपर्यंत मारत बसा.

खरारा मानेपासून सुरू करून मागे न्यायचा. मांसल भागावर गोल गोल, जोर लावून. गुडघ्याखाली आणि तोंडावर खरारा नाही, तिथे मऊ ब्रश किंवा फडकं. खरारा म्हणजे आंघोळ घालणं नव्हे, ती रोजची तपासणी आहे. खोगिराच्या जागी केस उडालेत का, तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) फोड आहे का, चारांपैकी एखादा पाय बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का, हे हाताला कळलं पाहिजे. मग खूर. खांद्यापासून हात खाली घासत न्यायचा, नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावर, हलकं दाबायचं आणि घोडा वजन दुसरीकडे टाकेपर्यंत थांबायचं. पाय ओढून उचलायचा नाही, त्याने दिला की घ्यायचा. खुरातली घाण टाचेकडून पुढे काढायची, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला खूर साफ करायची लोखंडी आकडी लागू द्यायची नाही. कुजका वास आला तर खूर सडायला लागलाय, ठाण ओलं आहे. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी आला पाहिजे, नाल झिजलेली दिसो वा न दिसो, कारण खूर वाढतच असतो.

चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, देण्याची पद्धत प्रत्येक वस्तादाची वेगळी. कुणी भिजवलेला हरभरा देतं, कुणी भरडलेला, कुणी वर गव्हाचा कोंडा. याबाबत वाद घालू नका, पण काही गोष्टी कुठल्याही पागेत खऱ्याच. घोड्याचं पोट त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान, त्याला उलटी होत नाही, म्हणून धान्य थोडं थोडं आणि वेळेवर. मुख्य खाणं चाराच: वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो. पाणी 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात जास्त. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, चढवल्यावर लगेच खोगीर घालायचं नाही, आणि दमून आलेल्या घोड्याला लगेच तोबरा लावायचा नाही.

हे चुकलं की कुरकुरी होते, म्हणजे पोटशूळ. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, लीद टाकत नाही. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, तापमान 37.5 ते 38.5 अंश. हे आकडे पाठ करा आणि निरोगी घोड्यावरच मोजून ठेवा, म्हणजे त्या दिवशी फरक कळेल. कुरकुरीत नळीने तोंडात काढा-तेल ओतायची रीत जुन्या माणसांत आहे. ते फुप्फुसात गेलं तर पोटाचं राहतं बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने जातो. अशा वेळी पशुवैद्यकाला फोन करायचा, चारा काढून घ्यायचा, आणि ते येईपर्यंत वस्तादाच्या हाताखाली घोडा हळू फिरवायचा. वस्ताद कितीही मोठा असला तरी पशुवैद्यकाचा नंबर तुमच्या फोनमध्ये असू द्या.

या दिवसांत दुसरं काही न करता फक्त कान बघत बसा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले, एकमेकांना भिडणारे असतात, त्यांचं बोलणं लांबूनही वाचता येतं. टवकारले म्हणजे पुढे काहीतरी दिसलंय. एक पुढे, एक मागे म्हणजे लक्ष तुमच्याकडे आहे. मानेला चिकटवून पाडले म्हणजे मागे सरा. मागचा एक पाय टेकवून ओठ लोंबते सोडले असतील तर तो झोपेत आहे, पण तोच पाय उचलून शेपटी फटकारली तर तो इशारा आहे.

कावा

कावा म्हणजे वीस-पंचवीस फुटांच्या दोरावर घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवणं. जुन्या पद्धतीची निम्मी शाळा इथेच होते.

तुम्ही मध्ये उभे. घोडा डावीकडे फिरत असेल तर दोर डाव्या हातात, चाबूक उजव्या, आणि तुमचं अंग घोड्याच्या पोटाच्या रेषेत. तुम्ही त्याच्या खांद्याच्या पुढे सरकलात की तो थांबतो, पुठ्ठ्याच्या मागे सरकलात की पुढे जातो. सुरुवातीला सगळ्यांचंच हे उलटं होतं: घोडा थांबला म्हणून माणूस त्याच्या तोंडाकडे धावतो, आणि मग तो का हलत नाही म्हणून चिडतो. चाबूक मारायला नसतो, तो लांब केलेला हात आहे. वस्तादाचा चाबूक बघा, त्याचं टोक बहुतेक वेळ जमिनीवर असतं.

दोन्ही दिशांना सारखाच वेळ द्यायचा, एकेका बाजूला दहा मिनिटं पुष्कळ झाली. शिंगराला तर त्याहूनही कमी, कारण गोल फिरण्याचा ताण कोवळ्या सांध्यांवर येतो. हळूहळू आतल्या बाजूचा कान तुमच्याकडे लागतो, मान खाली येते, तोंड चघळल्यासारखं हलतं. तिथे थांबायचं. अजून एक फेरा, अजून एक फेरा करत नेलं की मिळालेलं हातचं जातं.

मांड

आता पाठीवर. खरा जुना वस्ताद पहिल्यांदा खोगीर देत नाही. नमद्यावर (लोकरीच्या जाड घडीवर) किंवा उघड्या पाठीवर बसवतो, दोर स्वतःच्या हातात ठेवतो, आणि तुम्हाला हात पसरून काव्यावर फिरवतो. लगाम नाही, रिकीब नाही. आयाळ धरायची मुभा असते. लाज न बाळगता धरा. लगामाला लोंबकळण्यापेक्षा आयाळ धरलेली केव्हाही चांगली, तिथे त्याला दुखत नाही.

मांड म्हणजे घोड्यावरची बैठक. ‘पक्की मांड’ म्हणजे गुडघे आवळणं असा समज घेऊन लोक येतात. गुडघे आवळले की ओला साबण मुठीत दाबल्यासारखे तुम्ही वर सटकता. मांड्या लांब सोडा, वजन बैठकीच्या दोन हाडांवर येऊ द्या, टाच खाली, कंबर मोकळी. खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आली की घोडा अचानक थांबला तरी तुम्ही पुढे मानेवर जात नाही. दुडकीत, म्हणजे उडत्या मध्यम चालीत, हे जमायला वेळ लागतो. पार्श्वभाग सोलून निघतो तो भाग वेगळा.

हात

सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट ही, आणि सगळ्यात कमी दिली जाते.

आमच्या वस्तादांची शिकवायची रीत सांगतो. ते कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडात जाणारं लोखंड, दोन्ही मुठींत धरून चटईवर पाठमोरे बसायचे. तुम्ही मागे पोत्यावर, हातात लगाम. “डावीकडं ने.” तुम्ही ओढलं की ते मूठ घट्ट करून तसेच बसायचे. आणखी ओढलं की आणखी घट्ट. “वस्ताद, वळत नाही.” “मी वळलो तवा तू सोडलंस कुठं? बोटभर दिलं मी, तू तसाच वढत बसला.” मग भूमिका बदलायच्या. लोखंड तुमच्या मुठीत, लगाम त्यांच्याकडे, तुमचे डोळे बंद. त्यांच्या करंगळीची हालचालही तुम्हाला कळते, आणि तुम्ही तसूभर वळलात की दाब नाहीसा होतो. अगदी त्याच क्षणी. घरी भावंडाला, मित्राला समोर बसवून हे रोज करता येतं, घोडा लागत नाही.

घोडा शिकतो तो दाब आल्यामुळे नव्हे, दाब गेल्यामुळे. त्याने बरोबर केलं की लगेच हात ढिला, टाच ढिली, जीभ गप्प. उशिरा सोडलात तर तो मधली भलतीच गोष्ट शिकून बसतो. चाबुकस्वाराचा हात वेगळा वाटतो तो या सोडण्याच्या वेळेमुळे, आणि हे तो तोंडाने क्वचितच सांगतो. त्याची बोटं बघा, चेहरा नको.

चाली

कदम, म्हणजे साध्या सावकाश चालीत चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. दुडकीत दोनच, कारण तिरपे पाय जोडीने पडतात. कॅन्टरमध्ये, म्हणजे बेताच्या धावेत, तीन, भरधाव सुटला की पुन्हा चार. डोळे मिटून ऐका, मग बसून ओळखा. मारवाडी घोड्यांत रेवाल असते, एका अंगाचे पाय पाठोपाठ पडणारी सपाट, न हिंदकळवणारी चाल. जुने लोक हातात पाण्याचा भरलेला पेला देऊन तिची परीक्षा घेतात. ती शिकायची घाई करू नका. कदमावर आधी महिने घालवा.

वस्तादाकडून काय घ्यायचं नाही

इथे मी जरा स्पष्ट बोलतो. आमच्या परंपरेत सोनं आहे तसा कचराही आहे.

काटेरी कडियाळी वापरू नका. जोरदार घोडा हातात राहावा म्हणून टोकं असलेलं लोखंड तोंडात घालण्याची चाल अजून आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा 1960 चा, आणि त्याखालच्या 1965 च्या नियमांत काटे किंवा अणकुचीदार टोकं असलेला लगाम वापरायला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशोब आहे: ज्या हाताला साध्या लोखंडाने घोडा थांबवता येत नाही, त्या हाताची शिकवणी अपुरी आहे.

वरातीसाठी घोडा नाचवायला पाय बांधणं, मस्ती जिरवायची म्हणून उपाशी-तहानेला ठेवणं, दोन वर्षांच्या शिंगरावर मोठा माणूस बसवणं, हेही सोडून द्या. घोड्याचे कायमचे दात पाचव्या वर्षी पुरे होतात. त्याची हाडं तोवर घडतच असतात. पाठीवर हलका स्वार तिसरं वर्ष सरल्यावर, पुरं काम त्यानंतर.

भोवऱ्यांचं, म्हणजे अंगावरच्या केसांच्या वळणांचं, शास्त्र मात्र ऐकून ठेवा. कुठला भोवरा शुभ देवमण, कुठला घरधन्याला बुडवणारा, पंचकल्याणी कशाला म्हणायचं, कुमेत आणि सुरंग या रंगांत फरक काय, हे कळलं नाही तर बाजारात कुणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि किंमत का वरखाली झाली तेही समजणार नाही. विश्वास ठेवायला हवा असं नाही. मी तर म्हणेन, अशुभ भोवऱ्याचा चांगल्या पायांचा घोडा स्वस्तात मिळत असेल तर देवाचे आभार माना.

नाही म्हणायचं कसं, हा नाजूक प्रश्न. सत्तरीच्या माणसाला “हे क्रूर आहे” म्हणून तोंडावर सांगितलंत तर शिकवणी तिथेच संपली. “वस्ताद, माझ्या हाताला अजून तो लगाम झेपायचा नाही, मला साध्यावरच शिकवा” असं म्हणा. हे खोटंही नाही. आणि बहुतेक वस्तादांना ते मनातून आवडतं.

पहिली रपेट

बाहेर पडताना पुढे वस्ताद जुन्या घोड्यावर, मागे तुम्ही. नांगरट किंवा मऊ माती निवडा, डांबरी रस्ता नको. तंग निघताना आवळलेला असला तरी दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. खोगीर चढताना पोट फुगवून धरणारी घोडी असतात, मग खोगीर फिरतं आणि तुम्ही पोटाखाली.

घोडा प्लास्टिकच्या पिशवीला बुजेल, ट्रॅक्टरला बुजेल. न बुजणारा घोडा कसा असतो हे बघायचं असेल तर वारीत रिंगण बघा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबरचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, माणसांच्या भिंतीमधून, पाठीवर स्वार नसलेला माउलींचा अश्व धावतो. तसं धैर्य घोड्यात एका दिवसात येत नाही. तुमचा बुजला तर तोंड त्या वस्तूकडे ठेवा, उभा राहू द्या, बघू द्या, वास घेऊ द्या. मारून जवळ नेलंत तर पुढच्या वेळी तो पिशवीला आणि माराला, दोन्हींना भिईल.

उधळला तर दोन्ही लगाम धरून मागे झुकू नका, ताणाला तो ताणच देईल आणि त्याची मान तुमच्यापेक्षा जड आहे. एक हात मानेवर टेकवा, दुसऱ्याने एकच लगाम ओढून-सोडून, ओढून-सोडून त्याला मोठ्या गोलात घ्या आणि गोल लहान करत आणा. काव्यावर शिकलेला घोडा गोलात आला की ओळखीच्या जागी आल्यासारखा मंदावतो. भरधाव वेगात एकदम मान वळवलीत तर मात्र घोडा तुमच्यासकट पडेल.

परतताना शेवटचा अर्धा कोस कदमानेच, तंग एक भोक ढिला करून. घोडा घामेजलेला ठाणावर आणून बांधला तर वस्ताद तुमच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

स्वतःचा घोडा घ्यायचा झाला तर

वस्तादाला बरोबर न्या, पण सौद्याच्या आधी त्याची दलाली कुणाकडून, हे मोकळेपणाने विचारा. घोडा भल्या सकाळी, कुणी फिरवून गरम करायच्या आत बघा. थंड असताना लंगडणारा घोडा गरम झाल्यावर बऱ्याचदा लंगडत नाही. कडक जमिनीवर दुडकीत सरळ जाता-येता बघा, मान खाली-वर होते का पाहा. वयाचा अंदाज घ्यायला दात स्वतः मोजा. तोंडात हात घालायची पद्धत वस्तादाकडून आधीच शिकलेली असावी. रक्ततपासणीचा अहवाल मागा, विशेषतः ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा, कारण तो माणसालाही होतो आणि त्यात सापडलेलं जनावर मारावं लागतं. अहवाल नाही म्हणाले तर रक्त घेऊन तपासायला पाठवा आणि निकाल येईपर्यंत घोडा विकणाऱ्याच्याच ठाणावर राहू द्या. बयाणा किती द्यायचा ते वस्ताद ठरवेल, त्यात तुम्ही बोलू नका.